पिकअपला लॉक बसवताय? आधी शिवाराच्या वाटेवर उतरून बघा

सप्टेंबर उजाडला की निफाड तालुक्यातल्या पिकअपवाल्यांचे हाल सुरू होतात. टोमॅटो तोडणीला आलेला असतो, चाळीतला उन्हाळ कांदा भाव बघून बाहेर काढायचा असतो आणि नेमका तेव्हाच पाऊस धरून बसतो. पिंपळगाव असो की लासलगाव, एकदा डांबरी गाठली की अडचण नाही. अडचण बांधापासून डांबरीपर्यंतच्या काळ्या मातीची. तिथे गाडी बसते. मग कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ दाखवतो: एक चाक हवेत लटकलेलं, तरी गाडी दगडांवरून चढतेय, कारण मागच्या डिफरन्शियलला लॉक आहे. दुसऱ्या दिवशी गॅरेजात चौकशी सुरू.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. आपल्याकडच्या बहुतेक पिकअपना या लॉकचा फारसा उपयोग नाही. ज्यांना आहे त्यांनी ते जरूर बसवावं, पण डिफरन्शियल वेल्डिंग करून घेण्याचा स्वस्त मार्ग कुणीच धरू नये.

ट्रॅक्टर चालवलेल्याला हे लॉक नव्याने शिकवायला नको. टाचेजवळचं ते पेडल आठवा. नांगरटीत एक चाक जागेवर गरगरायला लागलं की पेडल दाबायचं, दोन्ही चाकं एकत्र फिरतात, ट्रॅक्टर निघाला की पाय उचलायचा. लॉक दाबून ट्रॅक्टर वळवायचा नाही, हे घरातली मोठी माणसं पहिल्याच दिवशी बजावतात.

पिकअपमध्येही तेच. वळताना बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर जायचं असतं, म्हणून दोघांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरन्शियल लागतं. त्याची खोड अशी की ते दोन्ही चाकांना जोर सारखाच देतं. डावं चाक चिखलात असलं की त्याला फिरवायला जोर लागतच नाही. मग कोरड्यावरच्या उजव्या चाकालाही तेवढाच, म्हणजे जवळपास शून्य जोर मिळतो. इंजिन कितीही दमदार असो, उजवं चाक ढिम्म उभं राहतं. लॉक लागलं की दोन्ही बाजूंचे एक्सल एकमेकांना बांधले जातात आणि ज्या चाकाला पकड आहे त्याला हवा तेवढा जोर जातो.

मेख इथेच आहे. निदान एका चाकाला पकड हवी. व्हिडिओतल्या गाडीखाली दगड असतो, आपल्या गाडीखाली काळी माती. ती ओली झाली की टायरच्या खाचा गच्च भरतात, टायर गुळगुळीत होतो आणि मागची दोन्ही चाकं एकदमच सुटतात. अशा वेळी लॉक असलेली गाडी एवढंच करते की एकाऐवजी दोन खड्डे खणते. डिफरन्शियलचं हाऊसिंग मातीला टेकलं की मग लॉक, फोर बाय फोर, काहीही कामाचं नाही.

म्हणून खर्च करण्याआधी गाडी बसते त्या जागी उतरून चाकांचे माग बघा. दोन्ही चाकांनी सारखंच उकरलं असेल तर लॉकचा विचार सोडा. ते पैसे मागच्या चांगल्या खाचांच्या टायरवर आणि त्या पट्ट्यात मुरमाच्या ट्रॉल्या टाकण्यावर घाला. शेजारच्या दोन-तीन खातेदारांना सोबत घेतलं तर मुरूम कुणालाच जड जात नाही. कायमचा रस्ता हवा असेल तर ग्रामसभेत पाणंद रस्त्याचा विषय लावून धरा. मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना २०२१ मध्ये याच दुखण्यासाठी आली. अर्थात बांधाच्या वादात असे रस्ते किती अडकतात, ते निफाडकरांना मी सांगायला नको.

एकच चाक फिरत असेल तर मात्र गोष्ट वेगळी. चांदोरी-सायखेड्याकडे गोदाकाठच्या वाटा पुराने एका अंगाला खचतात, कुठे कालव्याच्या भरावावरून तिरकं उतरावं लागतं, कुठे ट्रॅक्टरच्या चाकोरीत एक बाजू लटकते. रिकामी पिकअप अशा जागी हमखास अडते, कारण पाट्यांवरची मागची बाजू हलकी असते आणि उडते. रोजची वाट अशी असेल तर लॉक खरंच कामाला येतं. फोर बाय फोर घेतलेल्यांनीही एक लक्षात ठेवावं: पुढचं एक आणि मागचं एक चाक सुटलं तर लॉक नसलेली फोर बाय फोरही जागेवरच उभी राहते.

पण त्याआधी एक फुकटातला उपाय करून बघा. एक चाक गरगरत असताना हँडब्रेक दोन-तीन दात ओढा आणि पहिल्या गिअरमध्ये हळूच रेस द्या. फिरणाऱ्या चाकाला ब्रेकचा अडसर झाला की जोर पलीकडच्या चाकाकडे वळतो. गाडी हलली की हँडब्रेक सोडायचा. पुष्कळदा एवढ्यावर भागतं. नाही भागलं तर रेस वाढवू नका. चाकांपुढची माती ओढा, खाली बारदान किंवा छाटणीच्या काड्या घाला, थोडे क्रेट उतरवा. ट्रॅक्टरने ओढायची वेळ आली तर साखळी चासीच्या हुकाला लावा, बंपरला किंवा एक्सलला नाही, आणि साखळीच्या रेषेत कुणाला उभं राहू देऊ नका. तुटलेल्या साखळीने माणसं गेलेली आहेत.

आता लॉक घ्यायचंच ठरलं तर. नवी गाडी घेत असाल तर कंपनीतूनच लॉक असलेली बघा. फोर्सच्या गुरखाला पुढे-मागे हाताने लावायचं लॉक येतं, टोयोटाच्या हायलक्सला मागे येतं. थारच्या काही मॉडेलांत मिळतं ते ईटन कंपनीचं मेकॅनिकल लॉक; दोन चाकांच्या फिरण्यात मोठा फरक पडला की ते आपोआप लागतं आणि वेग वाढला की सुटतं. मालवाहू पिकअपला बाहेरून बसवायचं असेल तर आधी बघा की तुमच्याच मॉडेलच्या एक्सलसाठी बनवलेलं लॉक मिळतं का. ‘करून देतो, बसतं सगळं’ म्हणणाऱ्या मेस्त्रीपासून चार हात लांब राहा. क्राऊन-पिनियनची बैठक पुन्हा मोजून लावावी लागते. ती चुकली की हाऊसिंग घुमायला लागतं आणि दात जातात. वॉरंटी चालू असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. शिवाय लॉक लागलेलं असताना सगळा जोर एकाच बाजूच्या एक्सलवर येऊ शकतो. दीड टनाच्या गाडीत अडीच टन भरणाऱ्यांचा एक्सल तिथेच तुटतो.

वेल्डिंगचं काय? त्यात डिफरन्शियलमधले छोटे गिअर एकमेकांना जाम करून टाकतात. म्हणजे ट्रॅक्टरचं पेडल कायमचं दाबून ठेवलं. शेतात गाडी बरी चालते. पण हाच माल वाशीला न्यायचा तर पावसात कसारा घाट उतरायचा असतो. वळणावर मागची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरायचा हट्ट धरतात, गाडी सरळ जाऊ बघते, नाहीतर ओल्या डांबरावर शेपूट फेकते. टायर झिजतात, एक्सल पिळवटतो, ते वेगळंच.

जुनी पिकअप घेणाऱ्यांनी तर हे तपासूनच सौदा करावा, कारण विकणारा सांगेलच असं नाही. सपाट जागेवर पुढच्या चाकांना दगड लावा, मागची दोन्ही चाकं जॅकने उचलून हाऊसिंगखाली भक्कम टेकू द्या, गाडी न्यूट्रल करा, हँडब्रेक सोडा. एक चाक हाताने फिरवा. पलीकडचं उलट दिशेने फिरलं तर डिफरन्शियल जागेवर आहे. दोन्ही एकाच दिशेने फिरली आणि लॉकचा खटका कुठेच दिसत नसेल, तर हाऊसिंग उघडून दाखवल्याशिवाय बयाणा देऊ नका.