दिवसाची वीज, घरबसल्या मोटार

सुप्याच्या डोंगरावर पवनचक्क्या फिरतात. पायथ्याच्या शेतकऱ्याला मात्र थ्री फेज वीज मिळायची ती अनेकदा रात्री. बिबट्याच्या भीतीत विहिरीवर कोण जाणार?

पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी यावर 'नॅनो गणेश' हे उपकरण काढले. साध्या मोबाइलवरून फोन लावला की मोटार चालू. स्मार्टफोन लागत नाही, म्हणूनच ते शिवारात पोचले.

२०१७मध्ये राज्याने शेतीच्या वीजवाहिनीला सौर प्रकल्पातून वीज देणारी सौर कृषी वाहिनी योजना आणली आणि पथदर्शी प्रकल्पासाठी सुप्याजवळचे राळेगणसिद्धी निवडले. इथे शेतकऱ्याने नवे काहीच शिकायचे नव्हते. पंप तोच, स्टार्टर तोच, वीज तेवढी दिवसा! पॅनेल पुसायची जबाबदारीही त्याच्यावर नाही.

उठसूट ॲपची उद्घाटने करणाऱ्या खात्यांनी एकदा राळेगणची वारी करावी.