बसऱ्याला गेलेली माणसं

युद्धस्मारकाचा विषय निघाला की आमच्या मेढ्याकडच्या गप्पांत एक वाक्य हमखास येतं. "ते इंग्रजांसाठी लढले, त्यांचं कसलं स्मारक?" परवा घरातल्या एका कार्यात हेच झालं. पंगत राहिली बाजूला आणि वाद पेटला. तिथे मला बोलायला मिळालं नाही (मोठ्या आवाजाच्या काकांपुढे आमच्याकडे कुणालाच मिळत नाही), म्हणून इथे लिहितोय.

इंग्रजांसाठी लढले, हे खरंच आहे. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून दहा लाखांवर माणसं परदेशी गेली आणि ७४ हजारांच्या आसपास परत आली नाहीत. पण आमच्या जावळीतला माणूस बादशहाच्या प्रेमापोटी बोटीत बसला असेल असं मला तरी वाटत नाही. डोंगराची जमीन, नाचणी-वरीचं पीक, त्यात भावाभावांच्या वाटण्या. पुढच्या पिढ्या मुंबईला माथाडी कामाला गेल्या, तसे हे पलटणीत गेले. महिन्याच्या महिन्याला पगार, बस.

आणि गंमत बघा. १९४३ पासून याच सातारा जिल्ह्यात नाना पाटलांचं प्रतिसरकार चालू होतं. त्याच काळात मराठा पलटणी इटलीत जर्मनांशी लढत होत्या. एकाच जिल्ह्यात हे दोन्ही चाललं होतं. आपण आज जेवणाच्या पाटावर बसून करतो तितका सोपा निवाडा तेव्हा नव्हता.

असो. माझी खरी तक्रार वेगळीच आहे.

सातारा तालुक्यातलं अपशिंगे तुम्हाला माहीत असेलच. 'मिलिटरी अपशिंगे' म्हणतात ते. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जण गेले. त्या गावाबद्दल कुठेही वाचा, ४६ हा आकडा येतोच. ऐकणारा "बापरे!" म्हणतो आणि पुढे जातो. ते ४६ जण कोण, हे विचारायचं मात्र राहून जातं.

यात दोष फक्त आपला नाही. आकड्यावर भागवायची रीत इंग्रजांनीच पाडली. इराकमध्ये बसऱ्याला त्यांनी उभारलेलं मोठं स्मारक आहे. मेसोपोटेमियात पडलेल्या आणि थडगं ठाऊक नसलेल्या ४० हजारांहून जास्त माणसांसाठी. तिथे गोऱ्या शिपायाचं नाव भिंतीवर आहे. आपल्या सुभेदार-जमादारांचंही आहे. साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणीच्या नावाखाली नुसता आकडा: 'आणि इतर इतके हिंदी सैनिक'. फ्रान्समधल्या नव्ह शापेलच्या स्मारकावर आपल्या माणसांची नावं कोरली आहेत, म्हणजे कोरता येत होती! सद्दामच्या हुकुमाने १९९७ मध्ये बसऱ्याचं स्मारक उचलून दूर वाळवंटात नेलं. दगड हलले, आकडे तसेच राहिले.

हे मला लागतं त्याला कारण घरचं आहे. आमच्या पणजोबांचे थोरले भाऊ 'बसऱ्याला गेले'. घरात त्यांच्याबद्दल एवढंच सांगतात. वेढ्याच्या काळात कुतमध्ये १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ ला तिथल्या फौजेने तुर्कांपुढे शस्त्रं ठेवली आणि नंतरच्या कैदेत असंख्य मेले. आमचे आजोबा कुतमध्ये होते की नुसत्या तापाने गेले, काही कळलं नाही. तिथी ठाऊक नाही म्हणून त्यांचं पान सर्वपित्रीला वाढतात. माझी आत्या ते पान वाढताना "बसऱ्याचे आजोबा" म्हणते. नाव तिलाही येत नाही.

२०२१ मध्ये कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने स्वतःच अहवाल काढून कबूल केलं, की त्या युद्धातल्या ४५ ते ५४ हजार आशियाई-आफ्रिकी मृतांची आठवण इतरांच्या बरोबरीने ठेवली गेली नाही आणि किमान १ लाख १६ हजार जणांची नावं कुठे कोरलीच गेली नाहीत. माफीही मागितली. ठीक आहे. पण माफी मागून अपशिंग्यात किंवा जावळीत कुणी छिन्नी घेऊन येणार नाही. ते काम आपलं आहे.

आणि ते अशक्य नाही. कमिशनच्या याद्या आता इंटरनेटवर आहेत. कित्येक नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा दिलेला असतो. इंग्रजी स्पेलिंगमुळे आपलंच गाव ओळखायला डोकं खाजवावं लागतं, एवढंच. पंजाबात भरती झालेल्या सव्वातीन लाखांच्या आसपास माणसांच्या वह्या लाहोरच्या संग्रहालयात निघाल्या, त्या लोकांनी संगणकावर चढवल्या. आपल्याला तर एकेका गावापुरतंच करायचं आहे. ग्रामपंचायतीने ठराव करावा, शाळेतल्या मुलांना यादी शोधायला बसवावं आणि आकड्याच्या शेजारी नावं लिहावीत. संगमरवर नको, पाटीवर रंगवली तरी चालतील. ते कुणासाठी लढले यावरचा वाद नंतर खुशाल घालू, पण निदान कुणाबद्दल घालतोय हे तरी कळेल.

नात्यातल्या मंडळींना एक विनंती. युद्धात मेलेल्याच्या घरी सरकार ब्राँझची गोल चकती पाठवत असे, साधारण तळहाताएवढी. त्यावर हुद्दा नसतो, फक्त नाव असतं. कित्येक घरांतून ती भांड्यांबरोबर मोडीत गेली असणार. तरी जुन्या ट्रंका, देवघरामागचा कोनाडा, माळ्यावरचे डबे एकदा बघा. काही सापडलं तर घासून लखलखीत करू नका, आहे तसा फोटो काढून मला पाठवा. या सर्वपित्रीच्या आत मिळालं तर आत्याला सांगता येईल.