औषधाआधी दिलासा

आपल्या घरची वडीलधारी माणसे आजारी पडली की पुष्कळदा म्हणतात, "दवाखान्यात नको, घरीच बरे वाटेल." आपण त्याला हट्ट म्हणतो. परंतु त्या हट्टामागे काय दडले आहे, हे आपण कधी विचारतो का?

महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला गडचिरोली हा जंगलांचा जिल्हा आहे. तेथे डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग हे दांपत्य १९८६ पासून 'सर्च' या संस्थेमार्फत आरोग्यसेवा करीत आहे. गोंड आदिवासी रुग्णालयात का येत नाहीत, हा प्रश्न त्यांनी आदिवासींनाच विचारला. उत्तरे डोळे उघडणारी होती. मोठ्या इमारतीत आम्ही हरवतो, तेथील भाषा आम्हांला कळत नाही, नातलगांना जवळ राहू देत नाहीत. आणि डॉक्टर व परिचारिका पांढरे कपडे घालतात, ते तर आम्ही मृतावर घालतो! म्हणून शोधग्राम येथे त्यांच्या गावासारखाच झोपड्यांचा दवाखाना उभा राहिला. नातलग रुग्णाजवळ राहू लागले. दवाखान्याला नावही त्यांच्या दंतेश्वरी देवीचे दिले.

पुढे गावातल्याच स्त्रियांना शिकवून 'आरोग्यदूत' केले. त्या घरी जाऊन बाळ-बाळंतिणीची काळजी घेऊ लागल्या, आईशी तिच्याच बोलीत बोलू लागल्या. अशा ३९ गावांत नवजात बालकांचे मृत्यू तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटले, असे १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात नमूद आहे. औषध व शिक्षण तर होतेच. पण ओळखीच्या माणसाला घराचे दार चटकन उघडते.

आपल्या मॉरिशसमध्ये सरकारी आरोग्यसेवा विनामूल्य आहे, हे आपले भाग्य. तरीही मधुमेहाने येथे कितीतरी कुटुंबे त्रस्त आहेत. चिठ्ठीवरची इंग्रजी वा फ्रेंच अक्षरे आजीला काय सांगणार? कोणती गोळी जेवणाआधी, कोणती नंतर, हे तिला क्रिओल वा भोजपुरीत सावकाश सांगावे आणि मग तिच्याच तोंडून ऐकावे. समजले का, असे विचारले तर ती लाजेने मान डोलावील. रागावतील या भीतीने तिने पायाची जखम लपविली, तर पुढे पाय गमावण्याची पाळी येते.

आपल्या समाजातील अनेक मुले-मुली आज वैद्यकीय सेवेत आहेत. त्यांना आमची नम्र विनंती आहे. रुग्णाला नावाने वा नात्याने हाक मारा, क्षणभर त्याच्याजवळ बसा, त्याचे बोलणे मध्येच तोडू नका. रांग मोठी असते, हे आम्ही जाणतो. पण दोन मिनिटे दिल्याने पुढचे मोठे दुखणे टळू शकते. आणि घरच्यांनीही म्हाताऱ्यांना दवाखान्याच्या दारात सोडून परतू नये. आत सोबत जावे. आजारी माणसाला औषधाइतकीच आपल्या माणसाची गरज असते.