रकान्यात न मावणारा इतिहास

१/ शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार. शिवजन्माची ही नोंद लोकमान्य टिळकांनी प्रकाशात आणलेल्या जेधे शकावलीत आहे. इंग्रजी तारीख १९ फेब्रुवारी १६३०. आता हीच तारीख पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसच्या 'डेट' प्रकारच्या रकान्यात भरावी आणि त्यालाच वार विचारावा. उत्तर येते : मंगळवार. मग शकावली खोटी म्हणावी की यंत्र?

२/ दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. चूक दोहोंमधल्या व्यवहारात आहे. १९ फेब्रुवारी ही ज्युलियन कालगणनेतील तारीख. त्या काळी इंग्रज तीच गणना वापरीत. ग्रेगोरियन गणनेत तो दिवस १ मार्च १६३० होय, आणि तो शुक्रवारच आहे. डेटाबेस मात्र हाती पडलेली प्रत्येक तारीख ग्रेगोरियन समजतो. ती गणना जन्मण्यापूर्वीची, म्हणजे १५८२ च्या आधीची तारीखसुद्धा. 'कोणत्या गणनेतील?' हे लिहून ठेवण्याची सोयच त्या रकान्यात नाही.

३/ डेटाबेसमधील प्रत्येक रकान्याला एक प्रकार असतो : पूर्णांक, मजकूर, तारीख. तो रकाना वाचणाऱ्या जावा, पायथन, सी-शार्प या भाषांचेही स्वतःचे प्रकार असतात. या दोहोंची जुळवणी बहुधा तयार लायब्ररीवर सोपवली जाते. 'हा तांत्रिक तपशील आहे, लायब्ररी पाहून घेईल' हे वाक्य मग ठरलेलेच. आक्षेप नेमका या वाक्यावर आहे. दप्तरातील नोंद यंत्रात कोणत्या प्रकाराने उतरवायची, हा निर्णय इतिहासलेखनाचा आहे. तो लायब्ररीच्या कर्त्यावर सोडणे म्हणजे कागद न वाचताच त्याचा अर्थ लावणे.

४/ मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमधील 'डेटटाइम' रकाना १ जानेवारी १७५३ पूर्वीची तारीख स्वीकारतच नाही. ही मर्यादा सायबेस या त्याच्या पूर्वजाकडून वारशाने आली. तिचे मूळ लंडनमध्ये आहे. ब्रिटन आणि त्याच्या वसाहतींनी सप्टेंबर १७५२ मध्ये कालगणना बदलली. २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी १४ सप्टेंबर उजाडला. या गुंत्यात शिरण्यापेक्षा पुढच्या वर्षापासूनच काळ सुरू करणे रचनाकारांना सोयीचे वाटले.

५/ परिणाम पाहावा. १४ जानेवारी १७६१ चे पानिपत या रकान्यात मावते. ६ जून १६७४ चा राज्याभिषेक मावत नाही. १७२८ चे पालखेड मावत नाही. १७३९ ची वसईही मावत नाही. ब्रिटिश संसदेच्या एका कायद्याने मराठ्यांच्या इतिहासाचे असे दोन तुकडे पडतात. सी-शार्पचा तारखेचा प्रकार इसवी सन १ पासून सुरू होतो. त्यामुळे प्रोग्राम १६७४ निमूटपणे घेतो आणि डेटाबेसच्या दारात आपटतो. एसक्यूएल सर्व्हरच्या २००८ च्या आवृत्तीत अधिक व्यापक प्रकार आले. जुना प्रकार मात्र आजही शाबूत आहे.

६/ तरीही हा दोष प्रामाणिक म्हटला पाहिजे, कारण तो ओरडून सांगतो. घात करतात ते मुके दोष. एखाद्या सरदाराचे जन्मवर्ष अज्ञात असते. डेटाबेस तेथे 'नल' ठेवतो : माहीत नाही. जावामध्ये तोच रकाना जेडीबीसीमार्फत साधा पूर्णांक म्हणून वाचला, की हाती शून्य येते. 'आत्ता वाचलेले नल होते काय?' असे लगेच वेगळे विचारले तरच खरी गोष्ट कळते. न विचारल्यास पानिपतावर पडलेल्या त्या वीराचे वय निघते १७६१ वर्षे! ही चूक हास्यास्पद असल्याने सापडते. शेकडो नोंदींच्या सरासरीत ती मिसळली, तर कोण शोधणार?

७/ तीच गत अर्धवट माहितीची. कागदात केवळ वर्ष असते. तारखेच्या प्रकाराला महिना आणि दिवसही हवा असतो. मायएसक्यूएल शून्य महिना व शून्य दिवस असलेली तारीख ठेवू देतो, पण जावा किंवा पायथनच्या तारखेत तिला स्थान नाही. मग नोंद भरणारा १ जानेवारी टाकून मोकळा होतो. काही काळाने कोणी ती तारीख उचलतो, 'आजच्या दिवशी' म्हणून प्रसृत करतो, आणि जी घटना १ जानेवारीस घडल्याचा एकही पुरावा नाही, तिला अभिवादनांचा पाऊस पडतो. अफवा अशीही जन्मते. तिला द्वेष लागत नाही, रकाना पुरतो.

८/ सोपाऱ्याचे अशोककालीन शिलालेख इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातले. पोस्टग्रेएसक्यूएलची तारीख इ.स.पू. ४७१३ पर्यंत मागे जाते. जोसेफ स्कॅलिजरने १५८३ मध्ये मांडलेले ज्युलियन कालचक्र त्याच वर्षापासून सुरू होते. पायथनची तारीख मात्र इसवी सन १ च्या मागे जात नाही. म्हणजे डेटाबेसात अशोक आहे. तो वाचणाऱ्या प्रोग्रामात त्याला जागा नाही.

९/ 'दहा दिवसांच्या फरकाने काय बिघडते?' हा नेहमीचा प्रतिवाद. जयंतीच्या सोहळ्यात काहीच बिघडत नाही. १९ फेब्रुवारीला कोणी हात लावावा असे येथे सुचवायचे नाही. बिघडते ते पुराव्यांच्या तुलनेत. सतराव्या शतकात वसईचे पोर्तुगीज ग्रेगोरियन तारीख लिहीत आणि मुंबईचे इंग्रज ज्युलियन. समजा, १६७० मध्ये वसईहून २५ मे रोजी लिहिलेले पत्र दोन दिवसांनी मुंबईस पोचले. इंग्रज त्यावर १७ मे घालणार. दोन्ही तारखा एकाच प्रकारच्या रकान्यात टाकल्या, तर पत्र लिहिण्याच्या आठ दिवस आधीच पोचले! कोणाला कोणती बातमी केव्हा कळली, हाच जेथे वादाचा मुद्दा असतो, तेथे अशा रकान्यातून निघालेला निष्कर्ष काय लायकीचा?

१०/ त्यात वर्षारंभाचा घोळ वेगळाच. सुरतेची पहिली लूट जानेवारी १६६४ ची. तत्कालीन इंग्रजी हिशेबाने तो जानेवारी १६६३ चा, कारण त्यांचे वर्ष २५ मार्चला बदले. कागदावरचा आकडा जसाच्या तसा भरणाऱ्याने लूट वर्षभर आधी नेली, आणि मुकाट्याने दुरुस्त करणाऱ्याने मूळ पुरावा पुसला.

११/ आधुनिक साधने यातून सुटली आहेत असेही नाही. प्रचंड माहितीवर प्रक्रिया करणाऱ्या अपाचे स्पार्कने २०२० च्या ३.० आवृत्तीत मिश्र कालगणना सोडून सरसकट ग्रेगोरियन स्वीकारली. जुन्या आवृत्तीने लिहिलेली, २१ एप्रिल १५२६ च्या पहिल्या पानिपताची तारीख नव्या आवृत्तीने तशीच वाचली असती, तर ती दहा दिवसांनी सरकली असती. म्हणून अशी जुनी तारीख भेटली, की स्पार्कची ती आवृत्ती थांबत असे आणि कोणत्या गणनेने वाचू, असे विचारीत असे. यंत्राला जी शंका विचारावीशी वाटली, ती अभ्यासकाला का वाटू नये?

१२/ दुसरे टोक म्हणजे 'सगळे मजकूर म्हणूनच ठेवा'. हा उपाय भाबडा आहे. मजकुराचा क्रम अक्षरांनी लागतो, काळाने लागत नाही. 'फाल्गुन' अक्षरक्रमाने 'मार्गशीर्षा'च्या आधी येतो आणि वर्षात मात्र नंतर. ज्या नोंदींचा क्रमच लावता येत नाही, त्यांना डेटाबेसात ठेवून उपयोग तो काय?

१३/ योग्य वाट जुनीच आहे. मोडकांची जंत्री, खऱ्यांची जंत्री ही जुळवणीचीच साधने होती. शक, तिथी, हिजरी आणि इसवी त्यांत शेजारी शेजारी उभ्या असतात. कोणी कोणाला गिळत नाही. डेटाबेसातही तेच करावे. मूळ नोंद शब्दशः मजकुराच्या रकान्यात. गणना कोणती, याचा स्वतंत्र रकाना. खात्री वर्षाची, महिन्याची की दिवसाची, याचा तिसरा. आणि क्रम लावण्यापुरता, गणितासाठी, सलग दिवसांचा क्रमांक : शक्य तितका अलीकडचा आणि शक्य तितका पलीकडचा. प्रोग्रामच्या भाषेत या साऱ्यांचा मिळून एक स्वतंत्र प्रकार घडवावा आणि जुळवणी स्वतः लिहावी. विकिडेटाने प्रत्येक तारखेसोबत तिची अचूकता व गणना ठेवून हे शक्य असल्याचे दाखवलेच आहे.

१४/ आज गावोगावचे तरुण ताम्रपट, सनदा, वीरगळ टिपून त्यांच्या याद्या करीत आहेत. उद्याचा अभ्यासक मूळ कागदापर्यंत पोचेलच असे नाही. कित्येकदा कागदच उरलेला नसेल. त्याच्यापुढे असेल ती केवळ यादी. त्या यादीत शुक्रवारचा मंगळवार झाला असेल, अज्ञाताचे शून्य झाले असेल, तर दोष संगणकाचा ठरणार नाही. ज्याने रकान्याचा प्रकार निवडताना क्षणभरही विचार केला नाही, त्याचा ठरेल.

(धागा समाप्त)