मेंदूतले पांढरे डाग आणि आपली गेलेली वर्षे



वस्तीतली एक भगिनी, वय तिशीच्या आतले. एका डोळ्याने अंधूक दिसू लागले, डोळा फिरवला की दुखायचे. चष्मा करून आणला. दोन-तीन आठवड्यांत नजर आपोआप सुधारली आणि सगळे विसरले. आठ महिन्यांनी डावा पाय बधिर झाला. कोणी म्हणाले रक्त कमी आहे, कोणी ताकदीची सलाईन लावली. एका नातलगाने तर ‘बाहेरचं आहे’ म्हणून लिंबू उतरवायला सांगितले. तिसऱ्या खेपेला चालताना तोल जाऊ लागला, लघवीवर ताबा राहीना. तेव्हा कुठे मेंदूचा एमआरआय झाला आणि आजाराचे नाव कळले: मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस. तोवर दोन वर्षे गेली होती. आम्हाला बोलायचे आहे ते या दोन वर्षांबद्दल.

विजेच्या वायरवर जसे प्लास्टिकचे आवरण असते, तसे मेंदू आणि मणक्यातल्या नसांवर मायलिनचे आवरण असते. एमएसमध्ये शरीराची संरक्षण यंत्रणाच चुकून या आवरणावर हल्ला करते. जिथे आवरण जाते तिथे संदेश अडतो. त्रास काही दिवस किंवा आठवडे राहतो, मग ओसरतो, पुन्हा दुसऱ्या जागी उठतो. बऱ्याच जणांना सुरुवात वीस ते चाळीस या वयात होते, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना हा आजार जास्त होतो. उकाड्यात त्रास वाढतो. पत्र्याच्या घरात चुलीपुढे उभ्या असलेल्या बाईला हे कोणी सांगतच नाही. तिला ‘कामचुकार’ म्हणून मोकळे होतात.

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, मोठे चुंबक असते. एमएसने झालेल्या जखमा त्यात पांढऱ्या डागांसारख्या दिसतात. डॉक्टर डाग मोजतातच, पण ते कुठे आहेत हेही बघतात: मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांभोवती, मेंदूच्या बाहेरच्या थराला लागून, लहान मेंदूत, मणक्यात. शिरेतून औषध देऊन फोटो काढला तर ताजी जखम उजळते, जुनी उजळत नाही. वेगवेगळ्या जागी आणि वेगवेगळ्या वेळी झालेल्या जखमा दिसल्या, की निदान पक्के होऊ लागते. 2001 साली ठरलेले आणि पुढे अनेकदा सुधारलेले मॅकडोनाल्ड निकष याच विचारावर उभे आहेत. काही जखमा कोणताही त्रास न देता होतात, त्या फक्त एमआरआयमध्येच सापडतात. म्हणून ‘आता बरं वाटतंय’ म्हणून तपासणी सोडू नये.

पण प्रत्येक पांढरा डाग म्हणजे एमएस नव्हे. रक्तदाब, मधुमेह, अर्धशिशी, वाढते वय यांनीही डाग दिसतात. बी-12 ची कमतरता आणि टीबी यांनीही फसगत होते. म्हणून नुसता रिपोर्ट वाचून घाबरू नका. मेंदूविकारतज्ज्ञाने रुग्ण तपासून, रिपोर्ट समोर ठेवून निर्णय द्यायचा असतो. रिपोर्टबरोबर फिल्म आणि सीडी मागून घ्या, जपून ठेवा. पुढच्या एमआरआयशी तुलना करायला त्या लागतात. पेसमेकर, शरीरातला धातू, किडनीचा आजार किंवा गरोदरपण असेल तर आधी सांगा. अंगावर, हातात धातू घेऊन त्या खोलीत जाऊ नका. 2018 च्या जानेवारीत मुंबईच्या नायर रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन आत गेलेल्या तरुणाचा चुंबकाने ओढला जाऊन जीव गेला, हे विसरू नका.

आता हक्काचे बोलू. डोंबिवलीहून सकाळच्या लोकलला बधिर पायाने लोंबकळत परळ किंवा शीवला जायचे, तारीख घ्यायची, रोज बुडवून पुन्हा जायचे. खासगीत एमआरआय करायचा तर हजारो रुपये मोजायचे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना मुख्यतः दाखल करून केलेल्या ठरावीक उपचारांसाठी आहे, त्यामुळे दाखल न होता केलेल्या तपासणीचा खर्च सहसा खिशातूनच जातो. बाबासाहेब मजूरमंत्री असताना 1943 मध्ये कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखायचे काम प्रा. अदारकरांकडे सोपवले गेले. त्यातून 1948 चा ईएसआय कायदा आला. एमआयडीसीत काम करणाऱ्यांनी ईएसआयचे कार्ड तपासा, त्यात कुटुंबालाही उपचार मिळतात. पण घरकाम करणाऱ्या आपल्या आया-बहिणींकडे ते कार्ड नाही. त्यांनी जायचे कुठे?

आमची मागणी साधी आहे. शास्त्रीनगर आणि रुक्मिणीबाई ही पालिकेची रुग्णालये आपल्या कराच्या पैशावर चालतात. तिथे ठरलेल्या दिवशी मेंदूविकारतज्ज्ञ बसला पाहिजे, आणि गरिबाचा एमआरआय ठरलेल्या मुदतीत, मोफत झाला पाहिजे. नुसते यंत्र आणून फीत कापली म्हणजे झाले, असे नाही. ‘याआधी कधी एका डोळ्याने अंधूक दिसले होते का?’ हा प्रश्न विचारणारा डॉक्टर पहिल्याच दारात हवा. आजार पूर्ण बरा होत नसला तरी औषधांनी पुढचे झटके कमी करता येतात. 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एमएसची तीन औषधे अत्यावश्यक यादीत घेतली. ती गरिबाच्या हातात पडायची तर निदान वेळेवर व्हायला हवे.

ज्यांचे निदान झाले आहे त्यांनी अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत एमएस आहे. मुंबईत 1985 पासून मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया काम करते, तिचाही आधार घ्या.

आणि एक काम आपल्या विहारातले. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात घेतलेल्या बावीस प्रतिज्ञा आपण दरवर्षी म्हणतो, मग लिंबू उतरवणाऱ्याच्या दारात आपली लेक का जाते? तथागतांनी दुर्लक्षित पडलेल्या आजारी भिक्खूला स्वतःच्या हाताने धुतले, आणि आजाऱ्याची सेवा हीच माझी सेवा, असे संघाला समजावले. पुढच्या रविवारी वंदनेनंतर दहा मिनिटे काढा. कोणाला एका डोळ्याने अंधूक दिसले, हातपाय बधिर झाला, एका दिवसाहून जास्त टिकला आणि मग आपोआप गेला, असे विचारा. एखादी बहीण हात वर करील. तिला एकटीला लोकलमध्ये पाठवू नका. सोबत जा.

नमो बुद्धाय.