अर्ध्यावर थांबलेला यज्ञ

आज श्रावण शुद्ध पंचमी. पाटावर गंधाने नाग रेखून घरोघरी लाह्या, दूध, दूर्वा वाहिल्या जातील. शेतात आज नांगर चालणार नाही, विळीवर भाजी चिरली जाणार नाही, चुलीवर तवा चढणार नाही. नैवेद्य होईल तो उकडलेल्या दिंडांचा. वर्षातून निदान एक दिवस आपल्या हातून कोणत्याही जिवाला इजा होऊ नये, असा या नेमांमागील भाव आहे. परंतु पूजेनंतर जी कहाणी वाचली जाते, ती मात्र सुडाने भरलेली आहे. हे असे का, याचा विचार आजच्या दिवशी करणे उचित होईल.

कहाणी सर्वांच्या परिचयाची आहे. शेतकऱ्याच्या नांगराचा फाळ वारुळात शिरला आणि नागिणीची पिल्ले मेली. तिने त्या शेतकऱ्याचे सारे घर दंश करून संपवले. उरलेल्या विवाहित मुलीला मारण्यासाठी ती परगावी गेली. पाहते तो, ती मुलगी नागांचीच पूजा करीत बसलेली. नागिणीचा क्रोध मावळला आणि तिने दिलेल्या अमृताने माहेरची माणसे उठून बसली. येथे ध्यानात घ्यावयाचे ते हे, की अख्खे घर मारूनही नागिणीचा सूड पुरा झाला नव्हता. पिल्ले तर परत आलीच नाहीत, आणि मारावयाचे कोणी तरी अजून शिल्लक होतेच.

आजीच्या तोंडची ही लहानशी कहाणी आणि भगवान व्यासांचे महाभारत यांचा अंतरीचा धागा एकच आहे. अर्जुनाने खांडववन जाळले, तेव्हा तक्षक तेथे नव्हता. परंतु त्याची पत्नी अर्जुनाच्या बाणाने मेली. तिचा पुत्र अश्वसेन तेवढा वाचला. आईचा सूड घेण्यासाठी तो पुढे कुरुक्षेत्रावर कर्णाच्या बाणात शिरला. तो बाण चुकला, पण वैर चुकले नाही. अर्जुनाचा नातू परीक्षित याने ध्यानस्थ शमीक ऋषींच्या गळ्यात मेलेला साप टाकला, ऋषिपुत्र शृंगीने शाप दिला, आणि तो शाप खरा करावयास आला तो तक्षकच! शमीकांना हे कळले, तेव्हा त्यांना पुत्राचा अभिमान वाटला नाही. त्यांनी त्याला क्षमेचा धर्म सांगितला व राजाला सावध करण्यासाठी शिष्य धाडला. पण क्रोधाने सुटलेला शब्द मागे येत नाही. परीक्षिताचा पुत्र जनमेजय याने मग एका तक्षकासाठी साऱ्या सर्पकुळाची आहुती देणारे सर्पसत्र मांडले. अपराधी एक, आणि आहुती सहस्रांची!

आणि वैशंपायनांनी महाभारताची कथा सांगितली ती याच सर्पसत्रात. पणजोबांच्या संहाराची कथा कानांवर पडत होती आणि समोर नव्या सुडाचे कुंड धडधडत होते. व्यासांनी आपल्या कथेसाठी ही जागा सहज म्हणून निवडली असेल, असे आम्हाला वाटत नाही.

गेली चाळीस वर्षे आम्ही हे आख्यान लावीत आहोत. एका गावी कीर्तन आटोपल्यावर एका वृद्ध शेतकऱ्याने आम्हाला विचारले, ‘‘बुवा, क्षमा एवढी मोठी, तर देवानं अर्जुनाला लढ म्हणून का सांगितलं?’’ प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याला बगल देणे बरे नव्हे.

भगवंतांनी लढावयास सांगितले हे खरे. परंतु त्यापूर्वी ते स्वतः दूत होऊन कौरवसभेत गेले होते, आणि पांडव तर पाच गावांवरही संतुष्ट व्हावयास तयार होते. सारे मार्ग खुंटले तेव्हा शस्त्र उचलले गेले. आततायी दाराशी आला असता घराचे रक्षण करणे हे गृहस्थाचे कर्तव्यच आहे. पण युद्धाने शांती मिळेल, असे व्यासांनी कोठेही दाखविलेले नाही. १८ अक्षौहिणींतून वीर म्हणून उरले ते अवघे दहा. जिंकलेला धर्मराज सिंहासनावर बसावयास तयार होईना. महाभारतातील सर्वांत मोठे पर्व युद्धाचे नाही. ते युद्धानंतरचे शांतिपर्व आहे. शस्त्राने जे दिले नाही, ते शरशय्येवरील पितामहांच्या चरणांशी बसून मागावे लागले. एवढे होऊनही ३६ वर्षांनी प्रभासक्षेत्री सात्यकी व कृतवर्मा यांनी तीच जुनी उणीदुणी काढली. दहांतील हे दोघे! एकमेकांना हिणवता हिणवता शस्त्रे निघाली आणि सारे यादवकुळ आपसांत लढून मेले. शस्त्राने आक्रमकाचा हात थांबतो. मनातले वैर मात्र तसेच राहते आणि संधीची वाट पाहते.

मग सर्पसत्राचे वैर थांबले कसे? तेथे आस्तीक आला. त्याचा पिता जरत्कारू हा ऋषी, आणि माता ही नागराज वासुकीची बहीण. दोन्ही कुळांचे रक्त त्याच्या अंगी होते. कोणतीही बाजू त्याला परकी नव्हती. राजाने प्रसन्न होऊन वर मागावयास सांगितले. तक्षक आकाशातून कुंडाकडे खेचला जात होता, सूड हाताच्या अंतरावर आला होता. आणि नेमक्या त्या क्षणी आस्तीकाने यज्ञ थांबविण्याचा वर मागितला. सोने, रूपे, गाई, राजाने सारे देऊ केले. आस्तीक ढळला नाही. अखेर राजाने दिला शब्द पाळला आणि यज्ञ अर्ध्यावरच राहिला. तो दिवस श्रावण शुद्ध पंचमीचा, अशी परंपरेची श्रद्धा आहे. एरवी यज्ञ अपुरा राहणे हे दोषाचे. येथे मात्र त्या अपुरेपणाचाच आपण सण करतो!

क्षमा म्हणजे दुबळ्याची शरणागती नव्हे. जनमेजय हरला नव्हता. जिंकत असताना तो थांबला. तशीच क्षमा म्हणजे न्यायाला सोडचिठ्ठीही नव्हे. कोकणातील गागोदे येथे जन्मलेले विनोबा १९६० च्या मे महिन्यात चंबळच्या खोऱ्यात निःशस्त्र फिरले, तेव्हा काही दरोडेखोरांनी त्यांच्यापुढे बंदुका ठेवल्या. पुढे १९७२ मध्ये जयप्रकाश नारायण यांच्यासमोर शेकडोंनी तेच केले. त्यांना न्यायालयासमोर उभे राहावे लागले, शिक्षाही भोगाव्या लागल्या. पण त्या शिक्षेमागे सूड नव्हता, म्हणून तिच्यातून नवे वैर जन्मले नाही.

आता थोडे आपल्या घरात पाहू. बांधाच्या हातभर जमिनीसाठी सख्खे भाऊ कचेरीच्या पायऱ्या झिजवतात. वडील गेले तरी दावा चालूच राहतो, आणि मुलांना वारशात शेतापेक्षा भांडणच अधिक मिळते. पंचमीला माहेरी आलेल्या बहिणीने कोणाच्या उंबऱ्यातून आत जावे, हा प्रश्न पडावा, यापरते दुर्दैव कोणते? खरे पाहता आजच्या दिवशी घरातील आस्तीक तीच आहे. कहाणीतील मुलगी सासर-माहेर दोन्हींची होती, आस्तीक दोन्ही कुळांचा होता, आणि ही बहीणही दोन्ही भावांची आहे. तिने आज ओवाळणी मागू नये. त्या भांडणापुरते थांबण्याचे वचन मागावे. आणि भावांनी, आपली बाजू खरी असली तरीही, किंबहुना खरी आहे म्हणूनच, ते द्यावे.

आज आपण विळी बाजूला ठेवली आहे. मनातला एखादा जुना दावाही तिच्या शेजारी नेऊन ठेवावा, आणि उद्या विळी उचलताना तो तेथेच राहू द्यावा. नागदेवता सर्वांच्या घरी शांती नांदवो.