विश्लेषण : नव्या हॅचबॅकच्या किमतीत जुनी सुपर्ब किंवा कॅम्री! पण दुरुस्तीला किती लागतात?

अंधेरी किंवा बोरिवलीच्या सेकंडहँड कार डीलरकडे दहा-बारा वर्षांची स्कोडा सुपर्ब, होंडा अकॉर्ड, टोयोटा कॅम्री नव्या हॅचबॅकच्या किमतीत उभी दिसते. सनरूफ, लेदर सीट, सोफ्यासारखी मागची सीट. रील पाहून फोन करण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. गाडीची किंमत उतरली, पण तिच्या सुट्या भागांची नाही. 20-25 लाखांच्या गाडीचा गिअरबॉक्स आजही 20-25 लाखांच्या गाडीचाच आहे.

या गाड्या एवढ्या स्वस्त का?

मोठ्या सेडानचा बाजार एसयूव्हीने खाल्ला. होंडा सिव्हिक, टोयोटा कोरोला अल्टिस, फोक्सवॅगन पसाट या गाड्या 2020 च्या सुमारास भारतातून गेल्या. बंद झालेल्या मॉडेलला गिऱ्हाईक कमी, म्हणून भाव कमी. सुटे भाग मिळायला मात्र वेळ लागतो आणि गाडी तोवर गॅरेजमध्ये पडून राहते.

सर्वांत मोठा खर्च कुठे?

गिअरबॉक्स. सुपर्ब 1.8 टीएसआयच्या ऑटोमॅटिक मॉडेलमध्ये सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी होता. याच प्रकारच्या गिअरबॉक्सच्या तक्रारींमुळे फोक्सवॅगनला 2013 मध्ये चीनमध्ये सुमारे 3 लाख 84 हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्याच्या क्लचला थंड ठेवायला तेल नसते. मोकळ्या हायवेवर त्याने फरक पडत नाही. पण घाटकोपर ते मुलुंड एलबीएस मार्गावर संध्याकाळी गाडी फुटाफुटाने सरकते, तेव्हा क्लच सतत अर्धवट लागतो, तापतो आणि झिजतो. गिअर बदलताना झटका बसणे, डॅशबोर्डवर गिअरचे अक्षर लुकलुकणे ही पहिली लक्षणे. क्लच सेट बदलायला लाखाच्या आसपास, मेकाट्रॉनिक युनिट गेले तर साधारण दीड ते तीन लाख. म्हणजे पाच-सहा लाखांच्या गाडीची अर्धी किंमत एका बिलात!

बाकीचे खर्च त्यामानाने किरकोळ वाटतात, पण एकत्र आले की खिसा रिकामा करतात. खड्डे आणि सोसायट्यांचे स्पीडब्रेकर यांनी सस्पेन्शन खिळखिळे होते. शॉक अ‍ॅब्सॉर्बर, लोअर आर्म, बुश मिळून 40 ते 80 हजार. एसीचा कॉम्प्रेसर 25 ते 50 हजार. हायब्रिड कॅम्रीची बॅटरी गेली तर खर्च लाखांत. हे अंदाजे आकडे आहेत. बाहेरचे गॅरेज आणि कंपनीचे सर्व्हिस सेंटर यांत मोठा फरक पडतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने पार्ट स्वस्त मिळतात, पण वॉरंटीची अपेक्षा ठेवू नये. थोडा दिलासा म्हणजे 22 सप्टेंबर 2025 पासून सुट्या भागांवरचा जीएसटी सरसकट 18 टक्के झाला. त्याआधी अनेक भागांवर तो 28 टक्के होता.

इथेनॉलमुळे नवा खर्च?

जुन्या गाड्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनलेल्या नाहीत. काही जुन्या वाहनांत 20 ते 30 हजार किलोमीटरनंतर रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, असे केंद्राने ऑगस्ट 2025 मध्ये म्हटले. खर्च मोठा नाही, पण तो धरायला हवा.

पाण्यात गेलेली गाडी कशी ओळखायची?

उपनगरात खरी भीती याची. अंधेरी सबवे दर पावसाळ्यात अनेकदा बंद करावा लागतो आणि सेडानची जमिनीपासूनची उंची कमी असते. इंजिनात पाणी शिरल्यावर स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. नेहमीच्या पॉलिसीत हे नुकसान बहुतेकदा बसत नाही, इंजिन प्रोटेक्शनचे वेगळे कव्हर लागते. वायरिंग आणि कंट्रोल युनिटचे दुखणे तर अनेक महिन्यांनी वर येते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा, टोकाला गाळाची रेघ राहते. सीटच्या रुळांवर गंज आहे का, कार्पेटखाली ओल आहे का, हेही पाहावे.

आणि विक्रेत्याची चालू विमा पॉलिसी मागावी. सलग पाच वर्षे क्लेम नसेल तर नो क्लेम बोनस 50 टक्के असतो. तो शून्य दिसला तर क्लेम कशाचा होता, हे विचारायलाच हवे. हा बोनस गाडीबरोबर नव्या मालकाला मिळत नाही, पण गाडीचा इतिहास सांगतो.

डीलर टेस्ट ड्राइव्हला रविवारी सकाळी बोलावतात, कारण रस्ता रिकामा असतो. त्याऐवजी कामाच्या दिवशी संध्याकाळी सातला अंधेरी-कुर्ला रोडवर, एसी लावून, निदान अर्धा तास गाडी चालवून पाहावी. सोबत स्कॅनर असलेला ओळखीचा मेकॅनिक न्यावा.